परिचारिकांची परवाना परीक्षा आणि आपले वॉर्ड

परिचारिका वसतिगृहातील वाचनकक्षासाठी घेतलेली पुस्तके व संगणक यांच्या खर्चाबाबत काही सन्माननीय देणगीदारांनी आमच्याकडे विचारणा केली आहे. या साधनांचा उपयोग प्रामुख्याने अमेरिकेच्या परवाना परीक्षेसाठी होतो आणि ती उत्तीर्ण झालेली परिचारिका रुग्णालय सोडून जाते. मग धर्मादाय निधीचा हा विनियोग योग्य आहे काय, असा त्या विचारणेचा आशय आहे. विचारणा रास्त आहे. तिला जमाखर्चाच्या दोन ओळींत उत्तर देण्याऐवजी ही परीक्षा कशी असते, हेच येथे विस्ताराने मांडावे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे परिचर्येची पदविका किंवा पदवी संपादन केल्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि त्या नोंदणीवर परिचारिकेस काम करता येते. त्यासाठी निराळी परवाना परीक्षा नाही. अमेरिकेत मात्र पदवी आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. कोणत्याही देशात शिकलेली परिचारिका असो, तिला ‘एनक्लेक्स’ या नावाने ओळखली जाणारी संगणकीय परीक्षा द्यावीच लागते. परवाना देणारे मंडळ प्रत्येक राज्याचे स्वतंत्र असते, परीक्षा मात्र सर्व राज्यांस एकच. कॅनडाने २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली आणि परदेशी परिचारिकांसाठी ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तिचा अवलंब केला. २००५ पूर्वी ती देण्यासाठी अमेरिकेच्या भूमीवरच जावे लागे. आता मुंबईतही परीक्षाकेंद्र आहे.

परीक्षेस बसण्यापूर्वीचा कागदपत्रांचा प्रवासच कित्येक महिने चालतो. शिक्षणसंस्थेने व परिचर्या परिषदेने गुणपत्रके आणि नोंदणीचा दाखला परस्पर पाठवावयाचा असतो; उमेदवाराने हाती नेऊन दिलेला कागद ग्राह्य धरला जात नाही. या टप्प्यावर अनेक मुली थकून जातात. नावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक, विवाहानंतर बदललेले आडनाव, पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि गुणपत्रिकेवर नाही, अशा कारणांनी अर्ज अडून राहतो. आमच्या कार्यालयाचा या परीक्षेशी खरा संबंध येतो तो येथे. अनुभवाचे दाखले मागणी होताच द्यावेत, त्यांतील नाव पासपोर्टबरहुकूम असावे आणि कोणत्याही परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने स्वतःकडे ठेवू नयेत, हा आमचा नियम आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेविषयी. प्रश्नपत्रिका सर्वांना एकसारखी नसते. उमेदवाराने दिलेल्या उत्तरांवरून संगणक पुढील प्रश्न निवडतो. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण, चुकले की सोपा. १९९४ पासून ही पद्धत चालू आहे. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. उमेदवाराची पात्रता ठरलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवितो. त्यामुळे ८५ प्रश्नांनंतर पडदा बंद झाला याचा अर्थ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हे कोणासही सांगता येत नाही. प्रश्न सतत आपल्या कुवतीच्या काठावरचे येत राहतात, म्हणून हुशार मुलगीही बाहेर येते ती आपण नापास झालो अशाच समजुतीने. निकालाची वाट पाहणाऱ्या कुटुंबीयांनी हे ध्यानात ठेवल्यास घरातील वातावरण काहीसे हलके राहील.

तथापि, ही झाली यंत्रणा. परीक्षेचे मर्म प्रश्नांच्या स्वरूपात आहे आणि आम्ही वाणिज्य शाखेचे असूनही, अधिसेविकांनी समजावून दिल्यावर ते आम्हांस पटले. पुढील नमुना आमच्याच वॉर्डातील प्रसंगांवरून अधिसेविकांनी तयार केला आहे. सकाळी ड्यूटीवर येताच परिचारिकेसमोर चार रुग्ण आहेत. एकाच्या हाडाच्या शस्त्रक्रियेस दोन दिवस झाले असून तो वेदनेने कण्हत आहे. दुसऱ्या मधुमेही रुग्णाची न्याहारीपूर्वीची साखर १८० आहे. तिसरीची थायरॉइडची शस्त्रक्रिया चार तासांपूर्वी झाली, ती शांत पडून आहे. पण गळ्याशी घट्ट वाटते असे म्हणते आणि श्वास आत घेताना बारीक शिटीसारखा आवाज येतो. चौथ्याचे सलाइन संपत आले असून त्याचे नातेवाईक दारात उभे राहून मोठ्याने हाका मारीत आहेत. प्रथम कोणाकडे जावे?

उत्तर तिसरी रुग्ण, हे वाचकांनी ओळखलेच असेल. गळ्याच्या आत रक्तस्राव अथवा सूज होऊन श्वासमार्ग बंद होण्याचा धोका तेथे आहे आणि हाती असलेला वेळ काही मिनिटांचा आहे. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्ष गर्दीच्या वॉर्डात पाय वळतात ते हाका मारणाऱ्यांकडे. गप्प पडलेला रुग्ण सर्वांत शेवटी पाहिला जातो, हा आपल्या देशातील बहुतेक रुग्णालयांचा अनुभव आहे. रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती एवढीच, की सिस्टर आपल्या हाकेला थांबल्या नाहीत तर त्या कोठे धावल्या हेही पाहावे.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप आणखी बदलले. आता एकाच रुग्णाची संपूर्ण हकीकत, नाडी, रक्तदाब, तपासण्यांचे अहवाल, परिचारिकांच्या नोंदी असे सारे समोर ठेवून त्यावर ओळीने सहा प्रश्न विचारले जातात: यांतील कोणती नोंद चिंतेची, तिचा अर्थ काय, आधी काय करावे, केलेल्याचा उपयोग झाला हे कशावरून समजावे. पाठांतराला येथे फारसा वाव नाही. पूर्वी अनेक पर्यायांपैकी सर्व योग्य पर्याय निवडावयाच्या प्रश्नांत एक चुकला तरी सर्व गुण जात. आता अंशतः गुण मिळतात.

आपल्या मुलींना अडचण येते ती ज्ञानापेक्षा सवयींची. पॅरासिटामॉलला तेथे अॅसिटामिनोफेन म्हणतात, अॅड्रेनलिनला एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. पण ही यादी आठवड्याभरात पाठ होते. कठीण जाते ते निराळेच. घाबरलेल्या रुग्णाला ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असे म्हणणे हे आपल्याकडे सौजन्याचे लक्षण. त्या परीक्षेत ते चुकीचे उत्तर ठरते, कारण त्याने रुग्णाचे बोलणे तेथेच थांबते. आजाराचे नाव प्रथम रुग्णास कळावे की त्याच्या मुलास, यावरही तेथील उत्तर आपल्या रिवाजाहून भिन्न आहे. डॉक्टरांना बोलावणे हे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नव्हे; आधी पलंगाचे डोके वर करणे, ऑक्सिजन लावणे, रक्त चढत असताना थंडी वाजू लागली तर ते तत्काळ बंद करणे, ही परिचारिकेची स्वतःची कर्तव्ये मानली जातात. आणि आयाबाईंवर कोणते काम सोपवावे, कोणते कदापि सोपवू नये, यावरही प्रश्न असतात.

यातील प्रत्येक गोष्ट आमच्या वॉर्डात रोज उपयोगी पडते. अहवाल वर्षात वाचनकक्षात अभ्यासास बसणाऱ्या परिचारिकांनी ड्यूटी बदलताना तोंडी निरोपाऐवजी प्रत्येक रुग्णाच्या पलंगापाशी उभे राहून माहिती देण्याचा प्रघात सुरू केला. कोणत्या रुग्णावर आधी लक्ष ठेवावे, हे त्या पुढील पाळीस स्पष्ट सांगतात. परीक्षेस न बसणाऱ्या परिचारिकांनीही ते उचलले आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर संगणकांचा खर्च आम्ही ‘कर्मचारी प्रशिक्षण’ या शीर्षाखाली दाखविला आहे आणि तेच त्याचे योग्य स्थान आहे.

राहिला परिचारिका निघून जाण्याचा प्रश्न. काही जातील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे. अमेरिकेत कायम वास्तव्याच्या ज्या वर्गात परिचारिका मोडतात, त्यात भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की २०२५ साली २०१३ मधील अर्जांचा क्रमांक लागत होता. तोवर ती परिचारिका आपल्याच वॉर्डात असण्याचा संभव अधिक. जाणाऱ्यांना बाँडने बांधून ठेवावे अशीही सूचना आली होती. अडवून ठेवलेल्या परिचारिकेकडून रुग्णसेवा चांगली होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परीक्षेचे शुल्क मात्र न्यास देत नाही. ते २०० डॉलर असून भारतातील केंद्रासाठी आणखी १५० डॉलर व कर पडतात. कागदपत्रांच्या पडताळणीचा खर्च निराळा. अनुत्तीर्ण झाल्यास किमान ४५ दिवसांनी पुन्हा शुल्क भरून बसता येते. या रकमांसाठी कर्ज काढणाऱ्या, दागिने गहाण ठेवणाऱ्या पालकांना आमचे सांगणे आहे, की उत्तीर्ण होण्याची अथवा व्हिसाची हमी देणाऱ्या मध्यस्थास पैसे देऊ नयेत. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. परदेशी नोकरी मिळवून देणारा मध्यस्थ १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे काय, हे आधी पाहावे, आणि करारपत्रातील नोकरी मध्येच सोडल्यास द्यावयाच्या भरपाईचे कलम वाचल्याविना मुलीने सही करू नये. करारपत्र समजत नसल्यास ते आमच्या कार्यालयात घेऊन यावे.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर ओळखपत्र म्हणून केवळ पासपोर्ट चालतो. तळहाताच्या शिरांची छाप आणि छायाचित्र घेतले जाते, घड्याळही बाहेर ठेवावे लागते. परीक्षेपूर्वीचे दोन आठवडे संबंधित परिचारिकेस रात्रपाळी न देण्याची व्यवस्था अधिसेविकांनी केली असून, त्या पाळ्या सहकारी परिचारिका आपसांत वाटून घेतात.

वाचनकक्षास पुस्तके देऊ इच्छिणाऱ्या देणगीदारांनी एप्रिल २०२३ नंतरच्या स्वरूपावर आधारित आवृत्त्याच द्याव्यात. त्यापूर्वीच्या बऱ्याच प्रती कपाटात आहेत. त्या औषधशास्त्राच्या उजळणीपुरत्या उपयोगी पडतात.