जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आम्ही तिघे मित्र पुसदला आमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात ज्या कामात गुंतलो आहोत, ते मराठीच्या तासाला शिकविल्या जाणाऱ्या पाठसंशोधनाहून फारसे निराळे नाही.

त्या गोठ्यात आजोबांची १९७३ सालची मोटार उभी होती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली ही गाडी कागदोपत्री 'प्रीमियर प्रेसिडेंट'. लोकांच्या तोंडी मात्र 'फियाट'च. पुढे हिचेच नाव 'पद्मिनी' झाले आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोचली. त्या टॅक्सींचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी आमची गाडी पन्नाशीची झाली आणि त्याच वर्षी वडिलांनी भंगारवाल्याशी बोलणे केले!

आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. जाम झालेले इंजिन बळाने फिरवायचे नसते. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून थोडे तेल सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे आणि मग पान्याने अलगद फिरवून पाहायचे. सातव्या दिवशी ते १०८९ सीसीचे इंजिन बोटभर हलले. वडील काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात नवा बल्ब लागलेला दिसला.

खरी अडचण गंजाची. जीपसारखी हिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच कणा. तळाचा पत्रा सरसकट कापला तर दारेसुद्धा नीट बसेनाशी होतात. म्हणून कुजले तेवढेच कापायचे आणि तेवढाच तुकडा घडवून जोडायचा. ही विद्या आम्हांला पुस्तकात सापडली नाही. ती एका वृद्ध मिस्त्रींच्या हातात होती. त्यांची नजर आता अधू झाली आहे. ते पत्र्यावरून बोटे फिरवतात आणि आम्ही खडूने खूण करतो.

"डिझेल इंजिन बसवा, पळेल तरी," असा सल्ला अनेकांनी दिला. तो मानला असता तर गाडी पळाली असती, पण 'विंटेज' राहिली नसती. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकीला तशी नोंदणी मिळते. मात्र सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते, बाजारहाटाला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अपपाठ काढून. स्वतःच्या ओव्या घालून नव्हे. आमच्या मिस्त्रींचाही बाणा हाच.

ब्रेकची रबरे टणक झाली होती, ती बदलली. कार्बोरेटर साफ झाला. डाव्या दाराची मूळची मूठ तेवढी मिळत नाही. कोणाच्या अडगळीत पडली असल्यास कृपया कळवावे.