कंबर किती वाकते आणि माणूस किती हालतो

कंबरदुखीची तक्रार नसलेले व्यापारी घर शोधून काढावे लागेल. सकाळपासून गादीवर मांडी घालून बसणे, मध्येच उठून वरच्या फळीवरचा तागा काढणे, पोते सरकवणे आणि दिवे लागणीनंतर पुन्हा हिशेबासाठी मान खाली घालणे, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हे दुखणे बारा आठवड्यांहून अधिक टिकले की वैद्यकशास्त्र त्यास जुनाट कंबरदुखी म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या अंदाजानुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल.

अशा वेळी घरातील मंडळी प्रथम एमआरआय काढून आणतात. अहवालात ‘चकती झिजली आहे’ असे वाचले की वडीलधाऱ्यांचे दुकानात येणे बंद होते. वस्तुतः २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की, ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा विशीतील माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतील ९६ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज आढळते. केस पिकावेत तसाच हा प्रकार. आम्ही बँकेत कर्जप्रकरण तपासत असताना ३१ मार्चचा ताळेबंद वाचत असू, पण खात्यातील वर्षभराची उलाढाल पाहिल्यावाचून शेरा लिहीत नसू. एमआरआय हा ताळेबंद आहे. उलाढाल कळते ती माणसाच्या हालचालीतून, आणि ती मोजण्याच्या रीती वैद्यकशास्त्राने बऱ्याच काळापासून तयार करून ठेवल्या आहेत.

त्यांतील सर्वांत साधी रीत शोबर या जर्मन वैद्याने १९३७ साली सांगितली. रुग्णास ताठ उभे करावयाचे, कमरेच्या दोन्ही बाजूंना ज्या खळ्या दिसतात त्यांच्या पातळीवर कण्यावर पेनाने एक खूण करावयाची आणि तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग रुग्णाने गुडघे न वाकवता पुढे वाकावयाचे. निरोगी कमरेत हे अंतर वाढून १५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. पुढे १९६९ साली या पद्धतीत सुधारणा होऊन खालची खूण आणखी ५ सेंटिमीटर खाली घेण्यात आली. शिंप्याच्या टेपाने दोन मिनिटांत होणारी ही तपासणी मणके आखडत जाण्याच्या संधिवातात फार उपयोगी पडते. जमिनीपासून बोटांचे अंतर मोजण्याचीही रीत आहे, परंतु तीत कंबर, खुबा आणि मांडीमागचे स्नायू या तिघांचा हिशेब एकाच खात्यात जमा होतो. कोण किती वाकले ते त्यावरून सांगता येत नाही.

मात्र सामान्य जुनाट कंबरदुखीत या सेंटिमीटरांचा आणि माणसाच्या अडचणीचा मेळ फारसा बसत नाही. आमच्या परिचयातील एका धान्याच्या व्यापाऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. वय अठ्ठावन्न, दुखणे दोन वर्षांचे. मुलांनी काळजीपोटी त्यांना घरी बसवले होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोजले तेव्हा शेटजींचे वाकणे जवळजवळ पुरेसे निघाले. परंतु गादीवर दहा मिनिटांपलीकडे बसवेना, आणि उठताना मुलाचा हात लागे. बाईंनी त्यांना छातीशी हात बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठावयास लावले आणि सेकंद मोजले. सहा मिनिटांत किती मीटर चालणे होते तेही टिपले. चार महिन्यांच्या उपचारानंतर सेंटिमीटर जवळपास तेच राहिले, पण चालण्याचे मीटर वाढले आणि शेटजी पूर्वीसारखे सकाळचे दोन तास गल्ल्यावर बसू लागले. केवळ टेप लावून पाहिले असते तर या माणसास काहीच फरक पडला नाही, असा निष्कर्ष निघाला असता.

आकड्यांइतकेच महत्त्व हालचालीच्या ढंगाला आहे. अनुभवी फिजिओथेरपिस्ट पाहतो की माणूस वाकताना श्वास रोखतो का, मांडीवर हात टेकून परत येतो का, पाठ फळीसारखी ताठ ठेवून सगळे काम गुडघ्यांकडून करवून घेतो का. निरोगी माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू क्षणभर सैल पडतात; १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही गोष्ट विद्युत्-नोंदीने दाखवून देण्यात आली. जुनाट दुखण्याच्या अनेक रुग्णांत ते स्नायू सैल पडतच नाहीत. जणू पेढी बंद झाली तरी पहारेकरी बंदूक खाली ठेवावयास तयार नाही. यामागे पुष्कळदा भीती असते, आणि ‘वाकू नका, उचलू नका’ असे दिवसातून दहा वेळा सांगून घरची माणसेच ती जोपासतात. स्नायूंचा दम मोजण्याचीही एक कसोटी आहे. रुग्णास पालथे झोपवून कमरेवरचा भाग टेबलाबाहेर अधांतरी धरावयास सांगतात आणि जास्तीत जास्त २४० सेकंद मोजतात. ही मात्र घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे.

दैनंदिन व्यवहाराची मोजणी प्रश्नावलीने होते. इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावाच्या नावाने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीत दहा विभाग आहेत : दुखण्याची तीव्रता, स्वतःचे आवरणे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, प्रवास इत्यादी. प्रत्येकास ० ते ५ गुण. एकूण ५० पैकी आलेली बेरीज दुप्पट केली की टक्केवारी मिळते. टक्के जितके जास्त, तितकी अडचण मोठी. तिची मराठी आवृत्तीही संशोधकांनी तपासून घेतली आहे. तरी एक गोष्ट मला खटकते. बसण्याचा विभाग हा खुर्चीचा विचार करून लिहिलेला आहे. आपल्याकडे गादी आहे, पाट आहे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक आहे. खुर्चीवर तासभर निर्वेध बसणारा माणूस जमिनीवरून उठताना कळवळतो, आणि त्या कागदावर त्याची नोंद कोठेच पडत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी आपणच सांगितले पाहिजे की, मला जमिनीवर इतकी मिनिटे बसावयाचे आहे, जिन्याने माळ्यावरच्या वखारीत जावयाचे आहे. चांगला तज्ज्ञ तेवढ्याच दोन-तीन गोष्टी निवडून दर भेटीत त्यांचीच मोजणी करतो.

यासाठी घरी एक साधी वही पुरे. तारीख, सलग किती मिनिटे बसलो, किती चाललो, रात्री किती वेळा जाग आली. दुखणे शून्य ते दहापैकी किती, हेही लिहावे, पण वेगळ्या रकान्यात, कारण दुखणे तेवढेच राहूनही चालणे दुप्पट होऊ शकते. नोंद महिनाभराची असावी. एका वाईट दिवसावरून मत बनवू नये. वही रुग्णानेच लिहावी, सुनेने किंवा मुलाने नव्हे.

काही लक्षणे मात्र मोजणीची वाट पाहणारी नसतात. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप येत असेल, कारणाशिवाय वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगावे. वही नंतर उघडावी.