बांधकामाला मुले पाठवू का? मोखाड्याहून उत्तर



नाताळ आटोपला की आमच्याकडे एका प्रकारची पत्रे येऊ लागतात. आता पत्रे कसली, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. लिहिणारे कधी इंग्लंड-अमेरिकेतील एखाद्या मंडळीचे पाळक असतात, तर कधी नगर-पुण्याकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेले आपलेच एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब. मजकूर साधारण एकच असतो. आमच्या तरुण संघातील दहा-बारा मुलामुलींना दोन आठवडे सेवेसाठी यायचे आहे. तुमच्या अनाथाश्रमात एखादी खोली, संडास किंवा कुंपणाची भिंत बांधायची असेल तर ही मुले ती बांधतील आणि साहित्याचा खर्चही गोळा करून आणतील.

या पत्रांमागचे मन मी जाणतो. अनाथ आणि विधवा यांच्याविषयीचे याकोबाच्या पत्रातील वचन त्या मुलांनीही रविवारच्या शाळेत पाठ केलेले असते. शिवाय जी मुले इथे येऊन जातात, त्यांची घरे पुढे वर्षानुवर्षे या कार्याला हातभार लावतात, हेही खरे. तरी आमचे उत्तर सरळ "अवश्य या" असे नसते. त्यामुळे काही जुने स्नेही थोडे नाराज आहेत, असे कानावर आले. म्हणून यावेळी सविस्तर लिहितो.

प्रथम 'अनाथाश्रम' या शब्दाविषयी. जव्हार-मोखाड्यात मुलांना ठेवून घेणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांतील बहुतेक वसतिगृहे किंवा आश्रमशाळा आहेत. तिथे वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशा घरांतील मुले राहतात आणि त्यांतील बहुतेकांचे आईवडील हयात आहेत. मग ती घरी का नाहीत? कारण घरालाच कुलूप आहे. भात, नागली, वरी निघाली आणि दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर किंवा इमारतीच्या कामावर जातात. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत हलता येत नाही. शिमग्याला चार दिवस गावी येतात आणि मग पाऊस तोंडावर आला की कायमचे परततात. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते, म्हणून ते वसतिगृहात ठेवायचे.

म्हणजे पाहुणे जानेवारीत येऊन ज्या मुलाला 'अनाथ' समजून उचलून घेतात, त्याची आई त्याच वेळी साठ-सत्तर किलोमीटरवर चिखल मळून विटा थापत असते. परदेशातील सुशिक्षित मुले इथे येऊन विटा वाहणार आणि ज्यांचा विटांवरच जन्म गेला ते आईबाप मुलांपासून लांब राहून दुसऱ्याच्या विटा वाहणार. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की मनातून जात नाही.

थोडा हिशेब मांडतो. लंडनहून मुंबईला येऊन-जाऊन विमानाचे तिकीट साधारण साठ हजार रुपये धरा. सुट्टीच्या दिवसांत याहूनही जास्त पडते. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एका तिकिटात दोनशे दिवसांची मजुरी बसते. कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी होती, म्हणजे दोन कुटुंबांची वर्षाची हमी एका तिकिटात झाली. बारा जणांची तुकडी आली तर चोवीस कुटुंबे. गवंड्याची मजुरी अर्थातच यापेक्षा बरीच जास्त असते, पण गवंडी धरूनही हिशेबाचा कल बदलत नाही. तिकिटाचा पैसा आणि सेवेचा पैसा यांची अशी तुलना करू नये, मुलांच्या मनावर होणारा संस्कार पैशात मोजता येत नाही, असे एका पाळकसाहेबांनी मला सुनावले. संस्कार मोजता येत नाही हे मान्य. पण मजुरी मोजता येते, आणि ती ज्याला मिळत नाही तो रोज मोजतो.

इथल्याच एका वसतिगृहात (नाव सांगण्याची गरज नाही) पाहुण्यांनी न्हाणीघराची भिंत बांधली होती. शिमग्याला एक बाप मुलाला न्यायला आला. तो वसईकडे गवंडीकाम करतो. त्याने भिंतीवरून हात फिरवला, एक डोळा मिटून ओळीत पाहिले आणि काही बोलला नाही. जाताना मला एवढेच म्हणाला की हे काम मला सांगितले असते तर महिनाभर तरी पोरांजवळ राहिलो असतो.

भिंत बांधणे हे दिसते तितके सोपे काम नाही. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. सिमेंट-वाळूचे प्रमाण, दोरी, ओळंबा, प्रत्येक थराला सांधमोड, हे सारे हातात बसायला वर्षे लागतात. बांधून झाले की आठवडाभर तरी रोज पाणी मारायचे. दोन आठवड्यांच्या तुकडीला तितका वेळच नसतो. सहल संपते आणि भिंत वाळत पडते. एका अमेरिकन तरुणीने २०१४ मध्ये आपला शाळकरी वयातील अनुभव लिहिला, तो जगभर वाचला गेला. टांझानियातील एका अनाथाश्रमात ती आणि तिच्या मैत्रिणी दिवसभर विटा रचत. रात्री तिथली माणसे तो भाग उतरवून पुन्हा नीट बांधत आणि सकाळी मुलींना काही कळू देत नसत. तिने हे लिहिण्याचे धैर्य दाखवले म्हणून आपल्याला कळले.

मोखाड्यात आणखी एक अडचण आहे, ती ऋतूची. युरोप-अमेरिकेतील मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये असते. तेव्हा इथे पाऊस असा कोसळतो की पायाच्या खड्ड्यात तळे होते. सारा गाव भातलावणीत असतो, त्यामुळे बिगारीही मिळत नाही. एप्रिल-मे म्हणाल तर बांधकामाला हवामान उत्तम, पण पाणी नाही. विहिरी तळाला जातात आणि पाड्यांवर टँकर सुरू होतात. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि धरणाच्या आसपासच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. (हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.) अशा वेळी पंधरा पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी कुठून आणायचे? बांधकामाचा खरा काळ म्हणजे दिवाळी ते मार्च, आणि नेमके तेव्हाच इथले कामकरी हात भट्टीवर गेलेले असतात. इथेच काम मिळाले तर त्यांतले काही थांबतील, हे त्या बापाने सांगून टाकले होते.

आता मुलांविषयी. पाहुणे आले की लहान मुले त्यांच्या अंगाखांद्यावर चढतात. पाहुण्यांना वाटते, किती लवकर लळा लागला! आम्ही जे बारा महिने त्यांच्याबरोबर राहतो, आम्हाला याची काळजी वाटते. पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारे मूल आनंदी असते असे नाही. पुष्कळदा ते माणसांना भुकेलेले असते. पंधराव्या दिवशी गाडी निघते, मोठी मुले हात हलवतात आणि चार-पाच वर्षांची दोन-तीन मुले रात्री जेवत नाहीत. पुढच्या वर्षी नवी तुकडी, नवा लळा, पुन्हा गाडी.

जगात इतरत्र याहून वाईट घडले आहे. कंबोडियात पर्यटक आणि स्वयंसेवक वाढत गेले तशी अनाथाश्रमांची संख्याही वाढत गेली. २०११ मधील एका अभ्यासात तेथील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. पाहुणे येतात म्हणून मुले गोळा केली जात होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला. मोखाड्यात असा बाजार मांडला गेला आहे, असे मी म्हणत नाही. पण वाट कुठे जाते ते माहीत असावे.

आपल्याकडील २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. ज्याला खरोखर कोणी नाही त्याच्याविषयी बाल कल्याण समिती निर्णय घेते, आणि अशा मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. आजी किंवा मावशी सांभाळायला तयार असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. कागद गोळा करायला महिने लागतात, आणि मोखाड्याच्या डोंगरातील एखाद्या आजीला हे एकटीला जमत नाही. तिच्याबरोबर तहसील कचेरीत चार खेपा घालणारा माणूस ही इथली मोठी गरज आहे. त्या कामाचे छायाचित्र मात्र चांगले येत नाही.

मग परदेशी तरुणांनी हात लावूच नये का? तसे नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. पिएर सेरेसोल हे स्विस अभियंता. त्यांचे वडील एकेकाळी स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूँजवळच्या एका खेड्यात त्यांनी १९२० मध्ये वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना घेऊन घरे उभारायला सुरुवात केली. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल तिकडे आले आणि नंतरही पुन्हा पुन्हा येत राहिले. पूर आणि भूकंपाने उठलेल्या गावांसाठी उंच जागी नवी घरे बांधायची होती. तिथे गावकऱ्यांबरोबर ते स्वतः राबले. त्यांच्याच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे तरुण पुढे १९५० च्या दशकात वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले आणि तेथील कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केले. ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते, त्यांच्या हातून घमेली घेतली. त्या काळी या गोष्टीला विटांपेक्षा मोल होते. बाबांनी १९६७ मध्ये सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिचेही सूत्र हेच: जागा तिथल्या माणसांची, काम त्यांनी ठरवलेले, आलेल्याने त्यांच्या हाताखाली राबायचे.

नहेम्याची गोष्ट आपण तटाची म्हणून सांगतो. तो शूशनहून आला, राजाची पत्रे घेऊन आला, लाकडाची सोय करून आला. पण तट मात्र तिथल्या लोकांनी बांधला, आणि अनेकांनी तर आपापल्या घरासमोरचाच भाग उचलला.

तेव्हा आता लिहिणाऱ्यांना आम्ही पुढीलप्रमाणे कळवतो. यायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, आणि चार-पाचपेक्षा जास्त जण नकोत. कामावर मुख्य गवंडी इथला असेल, त्याची आणि बिगाऱ्यांची मजुरी तुमच्या गोळा केलेल्या पैशातून आधी बाजूला काढली जाईल, आणि पाहुणे त्याच्या हाताखाली माल कालवतील. त्याला 'दादा' म्हणायचे. राहणे वसतिगृहात नाही, मोखाडा गावात. लहान मुलांच्या खोल्यांत जायचे नाही. मोठ्या मुलांबरोबर संध्याकाळी मैदानावर कबड्डी-व्हॉलीबॉल अवश्य खेळा. मुलांचे फोटो नकोत: संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि आमच्याकडील इतर मुलांनाही आम्ही तोच नियम लावतो. व्हिसाच्या अटी आधी वाचून घ्या. ज्याच्या हातात खरोखर एखादी विद्या आहे, म्हणजे सौर दिव्यांची जोडणी, नळकाम, दंतवैद्यक, हिशेब, त्याने दोन आठवडे नव्हे, तीन महिन्यांचे बोलावे.

एवढे वाचून काही तुकड्या येत नाहीत. त्यातल्या काही जणांनी तिकिटाचा पैसा पाठवून दिला, काहींनी पत्रव्यवहारच थांबवला. दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो.

यंदा स्वयंपाकघराचे छप्पर काढून नवे घालायचे आहे. कौले पावसाळ्यात तीन ठिकाणी गळली आणि नागलीचे पोते भिजले. दिवाळीनंतरच्या कामासाठी एक गवंडी आणि चार बिगारी यांच्याशी बोलणे झाले आहे. चौघांपैकी तिघांची मुले आमच्याकडेच शिकतात. मात्र भट्टीची उचल घेण्याआधी त्यांना आगाऊ रक्कम द्यावी लागेल, म्हणजे गणपतीपूर्वी. जी मंडळी यासाठी काही बाजूला काढू इच्छितात, त्यांनी 'छप्पर' असा उल्लेख करून कार्यालयात कळवावे.