खोक्याची मागची बाजू

लेखमाला : दुकानातून घरात (लेखांक ६)

जाहिरात आपल्याकडे फोनमधून येते, वस्तू मात्र रस्त्याने येते. मुंबई, ठाणे, कल्याण, नवी मुंबई या पट्ट्यात ऑनलाइन मागवलेल्या क्रीम, शाम्पू, लिपस्टिकच्या पुष्कळ खोक्यांचा मुक्काम वाटेत भिवंडीला असतो. मागच्या लेखांकात जाहिरातीविषयी बोललो. आज त्या मुक्कामापासून सुरुवात करू.

मागांच्या खडखडाटासाठी ओळखलं जाणारं भिवंडी गोदामांचं गाव झालं ते करामुळे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर साठवायचा आणि लागेल तेवढाच शहरात न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. मुंबई-नाशिक महामार्ग दारात, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात. माणकोली, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडा, वळ या गावांच्या शेतजमिनींवर पत्र्याचे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामं मात्र गेली नाहीत, वाढली. राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवण्यापेक्षा मोक्याच्या जागी एक मोठं ठेवणं आता परवडू लागलं होतं, आणि तोवर ऑनलाइन खरेदीनेही जोर धरला होता. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, नायका, सगळ्यांचा माल या पट्ट्यातून हलतो.

गोदामात खोकं शिरलं की त्याच्या पुढच्या बाजूला काही किंमत उरत नाही. त्यावरची नटी, तिची कांती, सोनेरी अक्षरं कुणी पाहत नाही. स्कॅनर बारकोड वाचतो. नोंद होते ती वस्तूचा कोड, बॅच नंबर, मुदत आणि कुठल्या रॅकवर ठेवलं याची. ऑर्डर आली की पिकर ट्रॉली घेऊन त्या रॅकपाशी जातो. चांगल्या गोदामात नियम असतो : ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, मग ते कधीही आलेलं असो. हे काम करणारी मुलं-मुली बहुतेक कंत्राटी. वाडा, शहापूर, भिवंडीच्या गावांतून बसने, टेम्पोने येतात, पूर्ण पाळी उभ्याने काढतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. मोठ्या कंपन्यांची नवी गोदामं बरी आहेत, पण जुने गाळे अजून भरपूर आहेत.

खोक्यावर ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ असं छापलेलं असतं, ते या उकाड्यासाठीच. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवलेलं मिश्रण. फार उष्णतेत ती पकड सुटते आणि वर पाणी, खाली गोळा दिसू लागतो. ‘क’ जीवनसत्त्वाचं सीरम हवा, उजेड आणि उष्णतेने पिवळं, मग तपकिरी पडतं. तसं झालं की त्यातला कामाचा भाग बराच संपलेला असतो. बाटली उघडल्यावर रंग आणि वास पाहण्याचा सल्ला मी देते तो एवढ्यासाठीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोदाम जे पाहतं, तेच घरी आपणही आधी पाहावं. म्हणजे मागची बाजू.

सुरुवात तारखेपासून. प्रसाधनांचा कायदा १९४० चा, औषधांबरोबरचा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०२० चे. उत्पादकाचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, ‘यूज बिफोर’ महिना-वर्ष हे सगळं छापणं बंधनकारक आहे. माल परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही १ जानेवारी २०१८ पासून छापील किंमत, वजन, उत्पादकाचं नाव असा बराच तपशील वेबसाइटवर दाखवावा लागतो. त्यातून एक गोष्ट मात्र वगळली आहे : माल कोणत्या महिन्यात बनला ते. म्हणजे वस्तू किती जुनी आहे हे पार्सल फोडल्यावरच कळतं. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये मोठी सूट दिसते, तेव्हा हे लक्षात ठेवायचं. मुदत जवळ आलेला माल स्वस्तात विकणं गैर नाही. पण चार महिन्यांची मुदत उरलेली मोठी बरणी एकटी बाई संपवणार कशी? पार्सल आलं की त्याच दिवशी तारीख पाहावी, परत करण्याचे दिवस उलटण्याआधी.

आणि ही तारीख न उघडलेल्या बाटलीची असते, हेही समजून घेतलं पाहिजे. झाकण उघडलं, बोटं आत गेली की वेगळं घड्याळ सुरू होतं. काही खोक्यांवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘१२ एम’ असं काही लिहिलेलं असतं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. डोळ्यांना लावायच्या मस्काराला तर तीन ते सहा महिनेच धरावेत. लग्नासाठी घेतलेला मेकअपचा डबा पुढे पाच वर्षं बहिणी-बहिणींत फिरतो, हे आपल्याकडे सर्रास होतं. डोळे येण्याची साथ अशा डब्यांतूनही फिरू शकते.

पुढची ओळ ‘इन्ग्रेडिएंट्स’ची. ती वाचायची युक्ती अवघड नाही. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यामुळे बहुतेक क्रीमवर पहिला शब्द ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी हव्या त्या क्रमाने टाकता येतात. ही १ टक्क्याची रेषा छापलेली नसते, पण शोधता येते. ‘फेनॉक्सीइथेनॉल’ हे जंतू वाढू नयेत म्हणून घातलं जाणारं द्रव्य जास्तीत जास्त १ टक्काच घालायची परवानगी आहे. त्याच्यानंतर जे लिहिलंय, ते १ टक्का किंवा त्याहून कमीच. आता पुढच्या बाजूला केशर, हळद, चंदन मोठ्या अक्षरांत असेल आणि मागे ‘कर्क्युमा लाँगा’ फेनॉक्सीइथेनॉलच्याही खाली असेल, तर आपण हळदीचे पैसे देऊन मुख्यतः पाणी, तेल आणि ग्लिसरीन घेतोय. ग्लिसरीन वाईट नाही, उलट हिवाळ्यात त्याच्यासारखं काम करणारं थोडंच काही आहे. पण ते केमिस्टकडे थोडक्या पैशांत मिळतं.

सनस्क्रीनचाही हिशेब असाच उघड आहे. एसपीएफ १५ जळवणारे अतिनील किरण साधारण ९३ टक्के अडवतं, ३० असेल तर ९७ टक्के आणि ५० असेल तर ९८ टक्के. ३० आणि ५० मधला फरक टक्क्याएवढा, किमतीतला फरक मात्र बऱ्याचदा त्याहून पुष्कळ मोठा. शिवाय हे आकडे जाड थर लावून मोजलेले असतात. आपण लावतो त्याहून खूपच कमी.

हळदीवरून विकोची आठवण होणारच. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेली ही कंपनी. तिचा एक कारखाना भिवंडीच्या शेजारी, डोंबिवलीत. विको टर्मरिक आणि वज्रदंती ही प्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, यावर अबकारी खात्याशी त्यांचा वाद १९७८ पासून दोन दशकांहून जास्त चालला, कारण औषधावर कर कमी होता. अखेर सर्वोच्च न्यायालयात कंपनीचं म्हणणं टिकलं. आजही बाजारातले कितीतरी साबण, तेलं आणि क्रीम प्रसाधनाच्या नव्हे, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतात. दोन्ही खोकी दुकानात एकाच फळीवर असतात. नियम मात्र वेगवेगळे लागतात.

आता ज्या मालाला मागची बाजूच नसते, त्याच्याकडे वळू. मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. पार्लरमध्ये ‘आमचं खास क्रीम’ म्हणून साध्या पांढऱ्या डबीत मिळतं ते. आठवडी बाजारात परदेशी लिपीतल्या खोक्यात मिळतं ते. लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि शेजारणी विचारू लागतात. इतक्या लवकर उजळण्यामागे बहुधा स्टेरॉइड असतं, नाहीतर पारा. पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या एका रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. आपल्याकडेही अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना असा त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. भारतात डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून बाकी प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा नकळतसुद्धा चालत नाही. नियम कडक आहे, पण तो नाव-पत्ता असलेल्या उत्पादकाला लागू करता येतो. बिननावाच्या डबीचा मालक शोधायचा कुठे?

पुड्यांची गोष्ट वेगळी, पण तीही मला खटकते. द्रवाचं ६० मिलिलिटरपेक्षा आणि घन मालाचं ३० ग्रॅमपेक्षा लहान पाकीट असेल, तर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. जागा नसते, हे खरं. पण भिवंडीत मागावर काम करणारा माणूस शाम्पू पुडीनेच विकत घेतो. ज्याला मोठी बाटली परवडत नाही, त्यालाच यादी मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आणि यादी मिळाली तरी ती इंग्रजीत, त्यात वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये. वेष्टनावरचा सक्तीचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियम पाळला जातो. अक्षराची उंची किमान १ मिलिमीटर असली की पुरे. मराठी ऐच्छिक. कायद्याला स्थानिक भाषा झेपत नाही, असं मात्र नाही. पॅराफेनिलीनडायमिन असलेल्या केसांच्या रंगावर इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही छापावाच लागतो : आधी त्वचेवर चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. चाचणी म्हणजे थोडा रंग लावून २४ तास वाट पाहणं. डोळा जाण्याचा धोका पुढे होता म्हणून भाषेचा विचार झाला. मग मुदत संपल्याची तारीख, स्टेरॉइड असलेल्या मलमावरची ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ ही ओळ आणि घटकांची यादी मराठीत का नसावी? कंपन्यांना पुढच्या बाजूवर आपली भाषा जमते. जाहिरातीत तर उत्तम मराठी असते. ही मागणी ग्राहक संघटनांनी, महिला मंडळांनी, बचत गटांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. खोकं फेकू नका, निदान वस्तू संपेपर्यंत. पुरळ आलं, जळजळ झाली तर वापर थांबवा, डॉक्टरांकडे ते खोकं घेऊन जा. तक्रारीत बॅच क्रमांक आणि बिल लागतं. ऑनलाइन माल असेल तर बिलावर विक्रेत्याचं नाव वेगळं छापलेलं असतं, ते पाहा. कारण संकेतस्थळ आणि विक्रेता बहुतेकदा वेगवेगळे असतात. फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर. बनावट किंवा बिननावाचं प्रसाधन दिसलं तर ते राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवायचं.

पुढच्या आठवड्यात : शाम्पूच्या पुड्या. मिलिलिटरच्या भावाने पुडी बाटलीपेक्षा स्वस्त का पडते, आणि तरीही कंपन्या बाटल्या का बनवतात.