घरी गाणं रेकॉर्ड करताय? मग पीसीचा पंखा आधी गप्प करा

गेल्या मे महिन्यात ताईचा एक अभंग घरीच रेकॉर्ड करत होतो. खिडक्या बंद, सीलिंग फॅन बंद, फ्रिजचा स्विचसुद्धा बंद. सुरुवातीचा आलाप असा काही लागला की आम्ही दोघंही खूश. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर तानपुऱ्याच्या मागे एक घरघर. ती एकसारखीही नव्हती, मध्येच वाढायची आणि पुन्हा खाली यायची. आमच्याच पीसीचा पंखा! तो टेक टाकून द्यावा लागला. ताई पुन्हा गायली, पण तसा आलाप काही परत आला नाही.

तो पीसी तसा दमदार होता. दुकानदाराने गेमिंगसाठी चांगला म्हणून जुळवून दिलेला: काचेचा कॅबिनेट, रंगीबेरंगी लाइटचे पंखे. गेम खेळताना कानावर हेडफोन असतो, गोळीबार चालू असतो, पंखा कोण ऐकतो? पण मायक्रोफोन सगळं ऐकतो. म्हणून नंतर नवीन पीसी बांधताना मी प्रत्येक पार्ट आवाजाच्या हिशोबाने निवडला. त्यातलं जे कामाचं आहे ते सांगतो.

एवढ्याशा आवाजाने काय बिघडतं?

मिक्सिंग करताना गायकाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावतात. तो मोठा आवाज दाबतो आणि मग सगळा ट्रॅक वर उचलला जातो. तुम्ही 10 डेसिबल वर उचललंत की पंख्याची घरघरही 10 डेसिबल वर येते. दोन शब्दांमधल्या श्वासात ती स्पष्ट ऐकू येते. 'नॉइज रिमूव्हल प्लगइन लावू की' असं वाटेल. एकसारखा आवाज असेल तर ते बरं काम करतं, पण वर-खाली होणारा आवाज त्याला नीट पकडता येत नाही. आणि जास्त लावलं तर तानपुऱ्याची गुंजनच खाऊन टाकतं.

फोनवर बँडलॅब किंवा एफएल स्टुडिओ मोबाइल वापरणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण बहुतेक फोनमध्ये पंखाच नसतो. फोन तापला की स्वतःचा वेग कमी करतो, बस. पीसीला तो वेग टिकवायचा असतो, म्हणून पंखा लागतो.

खरा शत्रू उष्णता

पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरलं तरी कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो, म्हणजे 15 हा खूप मोठा फरक आहे. त्यामुळे 'सायलेंट' असं छापलेला छोटा पंखा घेण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही चांगलं. पण हळू फिरवायचा तर मुळात उष्णता कमी हवी. माझ्या सगळ्या निवडी यातूनच आल्या.

इथे आपल्याकडची एक गोष्ट परदेशी यूट्यूबवाले सांगत नाहीत. त्यांच्या टेस्ट साधारण 20-25 अंशांच्या खोलीत होतात. कुलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश जायचं ते ठरवतो. 22 अंशांच्या खोलीत 65 अंश दाखवणारा प्रोसेसर त्याच कामाला, त्याच पंख्याच्या वेगावर, 38 अंशांच्या खोलीत 81 च्या आसपास जाईल. आणि आपण रेकॉर्डिंग करतो तेव्हा एसी आणि फॅन दोन्ही बंद असतात. जानेवारीत बांधलेला शांत पीसी मे महिन्यात शांत राहीलच असं नाही. म्हणून गरजेपेक्षा एक पायरी मोठा कुलर घ्या.

मी काय घेतलं

प्रोसेसर रायझन 7 7700. आठ कोर, आणि रेटिंग 65 वॉट. त्याचाच भाऊ 7700एक्स 105 वॉटचा आहे, पण कमाल वेग 5.3 च्या जागी 5.4 गिगाहर्ट्झ. एवढ्याशा फरकासाठी मी जास्तीची उष्णता विकत घेणार नव्हतो. दुसरं म्हणजे यात डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आतच आहे. म्हणून ग्राफिक कार्ड घेतलंच नाही! दोन-तीन पंखे कमी, उष्णता कमी, आणि त्या कार्डाच्या कॉइलमधून येणारी बारीक चीं-चीं पण नाही. वाचलेल्या पैशात ऑडिओ इंटरफेस आला. गेम खेळायचे असतील किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर कार्ड लागेल, मग कमी लोडवर पंखे पूर्ण थांबवणारं मॉडेल बघा. इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' नको, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं.

कुलरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. प्रोसेसरसोबत बॉक्समध्ये येणारा छोटा कुलर चालतो, पण लोड आला की ओरडतो. नॉक्टुआचा एनएच-डी15 प्रसिद्ध आहे, चांगलाही आहे, पण महाग. मी थर्मलराइटचा पियरलेस असॅसिन 120 एसई घेतला: दोन टॉवर, 120 मिलिमीटरचे दोन पंखे, किंमत नॉक्टुआपेक्षा बरीच कमी. घेण्याआधी उंची बघा. हा 155 मिलिमीटरचा आहे, एनएच-डी15 165 चा. कॅबिनेटच्या माहितीत कुलरची कमाल उंची दिलेली असते. ती न बघता आणलात तर साइडचं पॅनेल लागणार नाही. वॉटर कुलिंग मी मुद्दाम टाळलं, कारण त्याचा पंप सतत चालू असतो आणि त्याची स्वतःची गुणगुण असते.

कॅबिनेटच्या बाबतीत लोकांचं एकमत नाही. फ्रॅक्टलच्या डिफाइन 7 सारख्या कॅबिनेटला आतून आवाज शोषणारं अस्तर असतं. थंड प्रदेशात ते उत्तम. आपल्या उन्हाळ्यात मात्र हवा कोंडली की पंखे जोरात फिरतात आणि अस्तराचा फायदा तिथेच संपतो, असं माझं मत. मी समोर जाळी असलेला कॅबिनेट घेऊन 140 मिलिमीटरचे तीन पंखे 600 आरपीएमच्या आसपास ठेवलेत. जाळीमागे धुळीचा फिल्टर हवाच. तो दर महिन्याला झटकतो, नाहीतर हवा अडते आणि आवाज हळूहळू परत येतो.

एसएमपीएस घेताना एक गैरसमज हमखास होतो. 80 प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते, एवढंच. त्याचा आवाजाशी थेट संबंध नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स या संस्थेचं लॅम्डा रेटिंग बघा, किंवा कमी लोडवर पंखा थांबवणारं मॉडेल घ्या. कोर्सेअर आरएमएक्स, सीझॉनिक फोकस जीएक्स यांत ती सोय आहे. ग्राफिक कार्ड नसलेल्या पीसीला 550-650 वॉटचा एसएमपीएस भरपूर होतो, आणि त्याचा पंखा बराच वेळ फिरतच नाही.

स्टोरेज एनव्हीएमई एसएसडी. हार्ड डिस्क रेकॉर्डिंगच्या खोलीत नकोच. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते, म्हणजे 120 हर्ट्झची हूं, बरोबर पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीत. रॅम 32 जीबी, दोन स्टिकमध्ये. मदरबोर्डवर छोटा पंखा नाही ना, एवढं तपासा. 2019 मध्ये आलेल्या एक्स570 चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर तो असायचा.

पंखा शांत, पण आवाजात टक-टक?

हा वेगळा प्रश्न आहे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज लगेच ऐकू यावा म्हणून आपण बफर लहान ठेवतो. 48,000 सॅम्पल रेटला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद. प्रत्येक तुकडा तेवढ्या वेळात तयार व्हायलाच हवा. एकदा चुकला की 'टक'. म्हणून प्रोसेसर 40 टक्केच वापरात दिसत असला तरी आवाज तुटू शकतो. बऱ्याचदा दोष प्रोसेसरचा नसून वाय-फाय किंवा दुसऱ्या कशाच्या ड्रायव्हरचा असतो. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा-पंधरा मिनिटं चालवलं की कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते दिसतं. माझ्याकडे वाय-फाय निघालं. रेकॉर्डिंगपुरतं ते बंद ठेवतो.

आणि आवाजात जाड, एकसारखी 'हूं' येत असेल तर पंख्याच्या मागे लागू नका. ती 50 किंवा 100 हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा वायरिंग आधी बघा. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नसते. हे इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या.

बांधून झाल्यावर

बायोसमध्ये जाऊन पंख्याचा कर्व्ह बदला, हे फुकट आहे आणि फरक मोठा पडतो. प्रोसेसरचं तापमान एखादं प्लगइन उघडलं तरी क्षणात उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. माझ्या टेकमधली वर-खाली होणारी घरघर हीच होती. मी 70 अंशांपर्यंत पंखे एकाच कमी वेगावर ठेवलेत आणि वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर दिलाय. हा प्रोसेसर 95 अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेला आहे, त्यामुळे 75-80 बघून घाबरायचं कारण नाही.

पीसी टेबलावरून खाली, शक्य तितका लांब ठेवा. तुमचा माइक कार्डिऑइड असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा, त्याला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. यूपीएस असेल तर तो खोलीबाहेर. लाइट गेली की तो बीप-बीप करतो, आणि लाइट नेमकी चांगल्या टेकलाच जाते.

आत्ता नवीन काहीच घ्यायला पैसे नसतील, तर विंडोज लॅपटॉपवर एक करून बघा. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करा. बहुतेक लॅपटॉपवर त्याने टर्बो बंद होतो, उष्णता उतरते आणि पंखा शांत होतो. गाणं रेकॉर्ड करताना तेवढा वेग पुरतो. मिक्सिंगला बसलात की परत 100 करा.