आमिषाचा वास कुणाच्या नाकाला?

शिरपूरहून एका वाचकाने विचारलं आहे: सुलवाडे बॅरेजच्या खालच्या अंगाला तापीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी गळ टाकून बसतो. माझ्या गांडुळाला शिंगाळा लागतो, शेजाऱ्याच्या कणकेला रोहू. समोर पाण्यावर तोंड काढून जाणारी मरळ मात्र दोघांच्याही आमिषाकडे ढुंकून बघत नाही. असं का? आणि 'मासे खेचून आणणारा अर्क' म्हणून ज्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, त्या घ्याव्यात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घेऊ नका. बाटलीचं झाकण उघडताच आपल्या नाकात घमघमतं ते हवेत उडणारं द्रव्य. माशाला हवेशी काही देणंघेणं नाही. त्याच्या नाकपुडीतून सतत पाणी खेळत असतं, आणि त्या पाण्यात जे विरघळेल तेवढंच त्याला कळतं. तेलकट अर्काचा तवंग होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. कणकेत हिंग मळणारेही पुष्कळ आहेत. हिंगाचा उग्र दर्प गंधकयुक्त तेलांचा, आणि तीही पाण्यात धड विरघळत नाहीत. अशा गोळ्याला मासा लागला तर श्रेय हिंगाला देण्याआधी त्यात आणखी काय मळलं होतं ते बघावं.

बहुधा ढेप निघेल. शेंगदाण्याच्या ढेपेत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. ती रात्रभर भिजवून आंबवली की प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटी होतात. ही आम्लं पाण्यात झटकन विरघळतात आणि माशाला हवी असलेली खबर तीच असते. टोचलेल्या गांडुळाच्या अंगातूनही तीच पाझरतात. जॉन कॅप्रिओ या अमेरिकन संशोधकाने 1975 मध्ये कॅटफिशच्या मिशांमधल्या चवीच्या नसांवर विद्युत्-अग्रं लावून मोजमाप केलं. अ‍ॅलॅनिन हे साधं अमिनो आम्ल एक ग्रॅम घेऊन एक कोटी लिटर पाण्यात मिसळलं, तरी त्या नसा जाग्या होतात असं दिसलं. एक कोटी लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या खानदेशात या आकड्याची कल्पना वेगळी करून द्यायला नको. आपला शिंगाळा याच गोतातला. त्याच्या लांब मिशांवर चवीच्या कळ्या असतात आणि गढूळ पाण्यात, काळोख्या रात्रीही त्याला गांडूळ सापडतं ते त्यांच्या जोरावर.

पण चव पोहोचायला वाहतं पाणी लागतं. गळातून सुटलेली खबर खाली वाहत जाते आणि मासा प्रवाहाविरुद्ध तिचा माग काढत वर येतो. म्हणून जाणता भोई डोहाच्या वरच्या तोंडाशी गळ टाकतो, खालच्या तोंडाशी नाही. आपल्याकडे नदी एकाच दिशेने वाहते हे किती सोयीचं! हीच तापी सुरतेच्या पुढे खाडी होते, तिथे भरती आली की पाणी उलटं फिरतं. रायगडच्या खाड्यांत जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावणाऱ्यांना, किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांत स्ट्राइप्ड बाससाठी माशाचे तुकडे लावणाऱ्यांना, दर काही तासांनी जागेचा हिशेब नव्याने करावा लागतो.

रोहूची तऱ्हा वेगळी. रोहू-कटला मूळचे तापीचे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्यानंतर मत्स्यबीज हवं तेवढं तयार होऊ लागलं आणि देशभरच्या धरणांत सोडता आलं. शेततळ्यापासून धरणापर्यंत आज जो रोहू दिसतो तो चौधरींमुळे, आणि त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात का नसावं हे मला कधीच उमगलेलं नाही. तळ्यात वाढणाऱ्या या माशांचं ठरलेलं खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप. ढेपेच्या गोळ्याकडे रोहू वळतो यात नवल कसलं?

मात्र वळला म्हणजे लागला असं नाही. कार्प माशांच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. त्याआधी टाळूला एक जाड, मऊ गादी असते आणि तिच्यावर चवीच्या कळ्यांची दाटी. मासा तळाचा चिखल दाण्यासकट तोंडात ओढतो. गादीचा नेमका दाण्यापुरता भाग फुगून दाणा दाबून धरतो, बाकीचा गाळ कल्ल्यांतून आणि तोंडातून बाहेर. आजी सुपात धान्य पाखडताना खडा एका कडेला आणते आणि दाणा राखते, तेच काम हा मासा काळोखात, हात नसताना, क्षणार्धात करतो. या निवडीसाठी त्याच्या मेंदूत एक अख्खा उंचवटा राखलेला आहे. गळाचं लोखंड या पाखडणीत खड्याच्या बाजूला जातं. म्हणून तरंगा नुसता थरथरला आणि थांबला, की समजावं: रोहूने गोळा तोंडात घेतला, चाखला आणि थुंकून टाकला. गळ झाकेल एवढा मऊ आणि पाण्यात विस्कटणार नाही एवढा घट्ट गोळा मळणं, हेच यातलं खरं कसब.

माशाच्या इंद्रियांचा विषय निघाला की मला कार्ल फॉन फ्रिश आठवतात. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे म्हणून जग त्यांना ओळखतं, 1973 चं नोबेलही त्यांना मिळालं. त्यांच्या माशांवरच्या कामाची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. त्या काळी मासे बहिरे असतात असं मानणारे मोठे लोक होते. जर्मनीत रोस्टॉकचे कानांचे नामवंत तज्ज्ञ ओटो कोर्नर हे त्यांतलेच. फ्रिश यांनी एक छोटा आंधळा कॅटफिश पाळला. तो टाकीतल्या नळीत पडून असे. रोज खाऊ देताना फ्रिश शीळ घालत. काही दिवसांनी खाऊ न दाखवता नुसती शीळ घातली, तर मासा नळीतून बाहेर! 1923 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि कोर्नर यांनाही ते मान्य करावं लागलं. कार्प आणि कॅटफिश यांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. अर्न्स्ट वेबर यांनी ती 1820 मध्येच दाखवली होती. तिचा उपयोग किती, हे या शिळेने सिद्ध झालं.

मग काठावर गप्प बसायचं का? गप्पा खुशाल माराव्यात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. पाय मात्र आपटू नये, कारण जमिनीतून गेलेला धक्का थेट पाण्यात उतरतो.

फ्रिश यांचा दुसरा शोध 1938 चा, आणि तो गळ टाकणाऱ्यांच्या जास्त कामाचा. खूण करण्यासाठी त्यांनी एका लहान माशाला शेपटीजवळ चिरा दिला आणि त्याला थव्यात परत सोडलं. थवा घाबरून पांगला. जखमी कातडीतून सुटणारं द्रव्य बाकीच्यांना धोक्याची सूचना देत होतं. कार्प आणि कॅटफिश या गोतांत ही सोय सर्रास आढळते. तेव्हा रोहूची वाट बघत असाल, तर त्याच डोहात लहान मासे चिरत, धूत बसू नका.

उरली मरळ. तिच्याकडे ती हाडांची साखळी नाही, मिशा नाहीत. तिची भिस्त डोळ्यांवर आणि अंगाला जाणवणाऱ्या पाण्याच्या हेलकाव्यांवर. पडून राहिलेली कणीक तिच्या लेखी अन्नच नव्हे, तिला हालचाल हवी: पाय मारणारी बेडकी किंवा तडफडणारी मासोळी. डोक्यातल्या एका खास कप्प्यात ती हवा भरून श्वास घेते, म्हणून मे महिन्यात तापलेल्या पाण्यातला प्राणवायू घटून बाकीचे मासे सुस्तावतात तेव्हाही ती शिकारीला तयार असते. आमच्या वाचकाला दिसलं ते तिचं तोंड काढणं याच श्वासाचं.

पावसाळ्यात ती आणखी एका कारणाने गळावर झडप घालते. काठच्या गवतात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसतो आणि त्याच्या खाली पालक मरळ राखणीला असते. तिथे बेडकी टाकली की ती हमखास धावून येते, पण भुकेने नव्हे, पिल्लांवरचं संकट हाकलायला. हे सगळ्यांत सोपं आमिष आहे आणि ते टाकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. राखण उठली की तो पुंजका बाकीचे मासे आणि बगळे थोड्याच वेळात फस्त करतात. लाल पुंजका दिसला तर गळ गुंडाळून पुढच्या डोहाला जावं. तिथे शिंगाळा असेलच.