पडद्यावरचे मोकाट शहर

'व्हाइस सिटी' हे नाव उच्चारताच आज तिशी-पस्तिशीत असलेल्या नाशिककर तरुणाच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील मायामी उभे राहत नाही. उभी राहते ती प्लायवूडच्या आडोशांनी विभागलेली, तासाला दहा-वीस रुपये घेणारी सायबर कॅफेची अंधारी खोली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' हा खेळ २००२ साली प्रसिद्ध झाला व २००३ मध्ये संगणकावर आला. पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील बहुतेक शहरांप्रमाणे नाशिकमध्येही शाळा-महाविद्यालये सुटल्यानंतरचे कित्येक तास त्याने गिळले. टॉमी व्हर्सेटी नावाचा एक गुंड, १९८६ सालचे एक समुद्रकाठचे शहर, आणि त्या शहरात वाटेल तेथे जाण्याची, वाटेल ते वाहन पळविण्याची, वाटेल त्याला चिरडण्याची संपूर्ण मुभा, असे या खेळाचे थोडक्यात स्वरूप होते.

शिक्षकांनी व पालकांनी या खेळास नावे ठेवली, आणि ती ठेवण्याजोगीच होती. खुद्द पाश्चात्त्य देशांतही त्यावर कमी टीका झाली नाही. हैतीवंशीय नागरिकांना अवमानकारक वाटणाऱ्या संवादांवरून २००३ साली न्यूयॉर्कमध्ये निदर्शने झाली व प्रकाशकास माघार घ्यावी लागली. याच मालिकेतील पुढच्या खेळात दडवलेली अश्लील दृश्ये उघडकीस आल्यावर २००५ साली त्यावर केवळ प्रौढांसाठीचा शिक्का बसला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांना हिंस्र खेळ विकण्यास बंदी करणारा कायदा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्दबातल ठरविला. बहुमताचा निर्णय लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांचा दाखला दिला. मुलांच्या हाती आपण पिढ्यान्पिढ्या ज्या गोष्टी देतो त्यांतही रक्तपात भरपूर आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

हा युक्तिवाद नाशिककरांस नवा वाटू नये. या शहराचे नावच, लोकपरंपरेनुसार, एका कापलेल्या नाकावरून पडले आहे. पंचवटीत येणारा प्रत्येक यात्रेकरू शूर्पणखेची कथा ऐकतो, मुलांना सांगतो, आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. मग संगणकावरच्या हाणामारीनेच एवढे बिथरून का जावे?

या प्रश्नाचे उत्तर त्याच कथेत आहे. तपोवनात एक नाक कापले गेले. त्यापायी खर-दूषण चालून आले, सीतेचे हरण झाले, समुद्रावर सेतू बांधावा लागला आणि अखेर लंका पडली. रामायणात एकही घाव फुकट जात नाही. प्रत्येकाचा हिशेब कोठे ना कोठे चुकता होतो. याउलट 'व्हाइस सिटी'त नायकाने दहा माणसे चिरडली आणि पोलिसांच्या गाड्या पाठीशी लागल्या, तर रंगाऱ्याच्या गॅरेजमध्ये गाडी घालावी, थोडे पैसे द्यावे, गाडीचा रंग बदलावा, की सारे शहर सारे काही विसरते. रस्त्यावर पडलेल्या पादचाऱ्यास रुग्णवाहिका येऊन पुन्हा उभे करते. खुद्द नायक मेला तरी रुग्णालयाच्या दारातून चालत बाहेर येतो. शस्त्रे व थोडी रोकड तेवढी गमावलेली असते. या खेळावरील गंभीर आक्षेप येथे आहे. त्यात रक्त किती सांडते यापेक्षा सांडलेल्या रक्ताचे पुढे काहीच होत नाही, ही गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे.

तथापि एवढ्यावरच निकाल देणे अन्यायाचे होईल. मूळ खेळ हा पैशामागे धावणाऱ्या त्या दशकातील अमेरिकेचा उपहास होता. गाडीतील नभोवाणीवर चालणाऱ्या भंपक चर्चा, थिल्लर जाहिराती, पुढाऱ्यांची पोकळ भाषणे यांत त्या उपहासाचा प्राण होता. शिवाय तेथे टॅक्सी चालवून उतारू पोहोचविता येत, रुग्णवाहिका पळवून जखमींना वेळेत रुग्णालयात नेता येई, आगीचा बंब घेऊन आग विझविता येई. पाश्चात्त्य समीक्षकांनी या खेळाची वाखाणणी केली ती शहराच्या या जिवंतपणासाठी.

यातले आमच्या कॅफेत काय पोहोचले? बहुधा आवाज बंद असे, आणि चालू असला तरी अमेरिकी बोलीतील टोमणे मराठी माध्यमाच्या मुलास कळणे कठीणच. कथानकाच्या कामगिऱ्या पार पाडायच्या तर दिवसचे दिवस लागत, आणि आज साठविलेला डाव उद्या त्याच संगणकावर सापडेल याची शाश्वती नसे. घड्याळ मात्र चालू असे. तेव्हा खिशातल्या दहा रुपयांचे पुरेपूर मोल वसूल करण्याचा मार्ग एकच उरला. कळफलकावर 'पँझर' ही अक्षरे टंकावीत, समोर रणगाडा उभा राहावा, आणि तास संपेपर्यंत शहर तुडवावे. त्या परवलीच्या शब्दांचे कागद वहीत जपून ठेवले जात. काहींचे पाढ्यांपेक्षा अधिक चोख पाठ असत! उपहास गाळला गेला, शहर गाळले गेले, धिंगाणा तेवढा उरला. त्यास खेळाच्या कर्त्यांइतकेच तासाचे भाडेही जबाबदार होते. अमेरिकेत सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी असल्याची सूचना मूळ वेष्टनावर होती. पण चोरट्या तबकड्यांच्या बाजारात वेष्टन आलेच कोठून?

निव्वळ धिंगाणाच मांडायचा तर काय होते, हे 'सेंट्स रो' मालिकेच्या चौथ्या खेळाने २०१३ साली दाखविले. त्यात टोळीचा म्होरक्या थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो, परग्रहावरील आक्रमकांशी लढतो आणि अतिमानवी शक्ती मिळवितो. ऑस्ट्रेलियाने प्रथम त्यास वर्गीकरणच नाकारले. समीक्षकांपैकी अनेकांना त्याचा विनोद भावला, पण एक आक्षेप वारंवार घेतला गेला व तो मार्मिक आहे. नायक मोटारीपेक्षा वेगाने धावू लागल्यावर मोटार चोरायची कशाला? ज्या शहरातील रस्त्यांवर हा सारा खेळ रचला, ते रस्तेच निरुपयोगी झाले. अतिशयोक्ती कथेच्या चौकटीत राहिली तर चमत्कार ठरते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' पडद्यावर आणले तेव्हा मारुतीचे उड्डाण आणि पेटलेली लंका पाहून प्रेक्षक थक्क झाले, कारण त्या उड्डाणाला सीतेच्या शोधाचे कारण होते.

अशा खेळांमुळे मुले गुन्हेगार होतात काय? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली स्पष्ट केले की, हिंस्र खेळ आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांच्यात कार्यकारणसंबंध मानण्याइतका पुरावा नाही. आक्रमक वर्तनाशी मात्र अल्पसा संबंध आढळतो. म्हणजे धास्तावणे जितके चूक, तितकेच निश्चिंत राहणेही. आपल्याकडील कायद्यालाही येथे फारसे बोलावयाचे नाही. चित्रपटास प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे अधिकार खेळांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि २०२५ चा ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा बंदोबस्त करतो.

उणीव आहे ती समीक्षेची. नाटकाच्या तिसऱ्या अंकातील ढिलाईवर मराठी वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले, चित्रपटांची परीक्षणे आजही छापली जातात. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे, तेथे पुस्तकाच्या बऱ्यावाईटाची चर्चा करावयास कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ज्या खेळाने एका पिढीच्या दुपारी व्यापल्या, त्याविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुतांशी एक तर तक्रार वा जाहिरात. वर्गात मुलगा खेळाचे नाव काढतो तेव्हा शिक्षक विषय बदलतात. त्याऐवजी त्यांनी विचारून पाहावे की, त्या शहरात चिरडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, आणि पोलिसांनी गाडीचा रंग बदलताच ओळख का विसरावी. मुले या प्रश्नांना उत्तरे देतात, आणि ती पुष्कळदा मोठ्यांच्या अपेक्षेहून तीक्ष्ण असतात.

कॅफे बहुतेक बंद झाले. तासाचे भाडे गेले, वेळेची मर्यादाही त्याबरोबर गेली. त्या आडोशांमागे बसणारी मुले आता स्वतः पालक आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या हातातील फोनवर खेळाच्या नावाखाली वयोमर्यादेचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो.